ओळीच्या शेवटची ती छोटी रेघ

प्रश्न : रिटायर झाल्यापासून मी विकिस्रोतावर, म्हणजे जुनी पुस्तकं मोफत वाचायला देणाऱ्या संकेतस्थळावर, जुन्या मराठी पुस्तकांची स्कॅन केलेली पानं तपासते. ओसीआरमधून (म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखून मजकूर बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) आलेल्या मजकुरात 'महा- राष्ट्र' असे तुटलेले शब्द जिकडेतिकडे असतात. सगळे हायफन एका फटक्यात फाइंड-रिप्लेसने उडवले तर चालेल का? आणि हायफन कुठे नि डॅश कुठे, ते कसं ओळखायचं?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : ताई, एका फटक्यात अजिबात नको. तुटलेले शब्द जोडायला हवेतच, नाहीतर उद्या कुणी 'महाराष्ट्र' शोधलं तर ते पान सापडणारच नाही. पण ओळीच्या शेवटी आलेली प्रत्येक रेघ छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने जागा संपली म्हणूनच टाकलेली असते असं नाही. ओळ 'आई-' वर संपते, पुढची 'वडील' ने सुरू होते, इथे हायफन लेखकाचा असू शकतो. उडवलात तर 'आईवडील' होईल, तेही बरोबरच दिसेल, म्हणून चूक कुणाच्या लक्षातच येणार नाही. अशा वेळी मी तोच शब्द त्याच पुस्तकात ओळीच्या मधे कुठे आलाय का ते शोधते आणि तिथे जसा छापलाय तसा ठेवते. आपल्याला आज कसं लिहायला आवडतं हा प्रश्न इथे येतच नाही.

डॅशची गोष्ट जास्त नाजूक आहे. व्याकरणात हायफन म्हणजे संयोगचिन्ह, तो जोडतो, आणि डॅश म्हणजे अपसारणचिन्ह, बोलणं अर्धवट तुटलं किंवा खुलासा द्यायचा असला की येतो. ओसीआर पुष्कळदा लांब रेघेचीसुद्धा आखूड करून टाकतं. समजा छापलंय 'मी येणार होतो पण—' आणि खालच्या ओळीत 'जाऊ दे', तर ओसीआरने दिलेला 'पण-' तुमच्या रिप्लेसला तुटलेला शब्द वाटेल आणि होईल 'पणजाऊ दे'. त्या माणसाचं अडखळणंच पुसलं गेलं ना! म्हणून शेजारी स्कॅनचं पान उघडं ठेवा, मोठं करा आणि रेघेची लांबी डोळ्यांनी बघा. विंडोजवर ऑल्ट दाबून नंबरपॅडवर ०१५१ टाइप केलं की लांब डॅश येतो, ०१५० ने मधल्या लांबीचा, फोनवर बहुतेक कीबोर्डांत हायफनचं बटण दाबून धरलं की मिळतात.

पानाच्या अगदी शेवटी शब्द तुटला असेल तर हायफन तसाच राहू द्या, पानं एकत्र दाखवताना विकिस्रोतचं सॉफ्टवेअर तो काढून शब्द जोडून घेतं, फक्त तो मुळातला जोडशब्द असेल तर त्याचाही हायफन जातो, तेवढं जोडलेलं प्रकरण उघडून बघा.

आणि जुन्या पुस्तकांत 'उदाहरणार्थ:-' असं असतं ना, तिथे ते दोन ठिपके कधीकधी विसर्ग होऊन येतात. दिसायला जवळपास सारखेच, पण अक्षर वेगळं, म्हणून ते खोडून कोलन स्वतः टाइप करा.