वाचकांचे प्रश्न : पहिली गोधडी शिवताना

गोधडी शिवायला शिकू इच्छिणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आमच्याकडे जमा झाली आहेत. त्यांतले पुष्कळसे प्रश्न सारखेच असल्यामुळे सहा पत्रे निवडून येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : माझ्याकडे आईच्या आठ-दहा जुन्या सुती साड्या आहेत. बटण लावण्यापलीकडे मी कधी सुई धरलेली नाही. दुहेरी पलंगाला पुरेल एवढी गोधडी करण्याचा विचार आहे. सुरुवात कशी करावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दुहेरी पलंगाचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. साडेसात फूट रुंद आणि आठ फूट लांब गोधडीवर एकेक इंचाच्या अंतराने धावदोऱ्याच्या ओळी घातल्या, तर ओळींची एकूण लांबी 219 मीटर भरते आणि इंचाला चार टाके धरले तर टाक्यांची संख्या 34,000 च्या वर जाते. नवख्या हाताने एवढे काम अंगावर घेतले, की ते बहुधा अर्ध्यावर गुंडाळून माळ्यावर जाते. त्यापेक्षा पहिले काम बाळाच्या दुपट्याचे घ्यावे. पाचवारी साडी म्हणजे 15 फूट कापड. तिचे तीन-तीन फुटांचे पाच तुकडे होतात. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण 45 इंच असतो, म्हणजे प्रत्येक तुकडा 36 इंच बाय 45 इंच भरतो. चार तुकड्यांचे चार थर करावेत आणि पाचव्या तुकड्यातून कडेच्या गोटासाठी पट्ट्या कापाव्यात. एका साडीत एक दुपटे पुरे होते आणि त्यावर इंचाच्या अंतराने ओळी घालायला सुमारे 41 मीटरच शिवण लागते. दोरा मात्र त्याच्या दीडपट जवळ ठेवावा, कारण प्रत्येक टाका थरांत खालीवर जाण्यात आणि गाठींमध्ये बराच दोरा खर्च होतो.

दुपटे मनासारखे जमले की एकेरी गोधडीकडे वळावे. पाच फूट बाय साडेसात फूट हे माप सोयीचे आहे, कारण पाचवारी साडीचे पाच फुटांचे तीन तुकडे नेमके होतात आणि दोन तुकडे काठाला काठ जोडले की एक थर तयार होतो. चार थरांना आठ तुकडे, म्हणजे तीन साड्या पुरतात. फक्त सगळ्या थरांचे जोड एकाच रेषेत येऊ देऊ नयेत, नाहीतर गोधडीच्या मधोमध पाठीला टोचणारा जाड कणा तयार होतो. आतल्या दोन थरांमध्ये एक अखंड तुकडा मध्ये ठेवून दुसऱ्याच्या दोन उभ्या पट्ट्या त्याच्या दोन्ही बाजूंना जोडाव्यात.

साहित्य फारसे लागत नाही. लांब आणि मजबूत सुई, जाड सुती दोरा, टाचण्या, मोठी कात्री आणि सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचे अंगुस्तान एवढे पुरते. पोती शिवायचे दाभण घेऊ नये. जुन्या कापडाला त्याने भोके पडतात.

प्रश्न : घरात सुती, रेशमी आणि सिंथेटिक अशा सगळ्या प्रकारच्या जुन्या साड्या आहेत. त्या एकत्र वापरल्या तर चालतील का? आजीचे एक लुगडे फारच विरले आहे. ते घालावे का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिल्या कामात सुती सोडून काहीही घेऊ नये. सिंथेटिक साडी सुईखाली निसटते, घाम शोषत नाही आणि शेजारचा सुती थर आटला तरी ती आटत नाही, त्यामुळे पहिल्याच धुण्यानंतर कापडावर फुगे येतात. रेशमी साडीचा घडीवर चिरलेला भाग गोधडीतही चिरतच जातो. पैठणी तर कृपा करून कापू नये. नव्या कोऱ्या कापडाचाही मोह नको. अनेक वर्षांच्या धुण्याने मऊ झालेल्या कापडातून सुई जशी सरकते, तशी कोऱ्या कापडातून सरकत नाही आणि जीन्ससारख्या जाड कापडाच्या चार थरांतून तर ती बाहेर काढायला पक्कड घ्यावी लागते.

विरलेले लुगडे अवश्य वापरावे, मात्र ते मधल्या थरात. पदर आणि काठ यांचा भाग सहसा धड असतो, तो वरच्या बाजूस शोभेसाठी घेता येतो; बसण्याच्या आणि गुडघ्याच्या जागी झिजलेले कापड दोन धड थरांच्या मध्ये सुरक्षित राहते. मधल्या थरात एखादे भोक असले तर त्यावर ठिगळ ठेवून चार टाके घालावेत.

सर्व कापड आधी गरम पाण्यात धुऊन, पूर्ण वाळवून, इस्त्री करून घ्यावे. खळ राहिलेली साडी कसर लागण्याला आमंत्रण असते. लाल, मरून आणि निळ्या रंगांची परीक्षा वेगळी करावी : कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबावा आणि फडक्याला रंग लागला तर ते कापड वगळावे. मीठ किंवा व्हिनेगर टाकल्याने रंग पक्का होतो हा समज घरोघरी आहे. आजच्या गिरणीतल्या रंगांना त्याचा उपयोग होत नाही.

प्रश्न : मी शिवलेल्या दुपट्याच्या वरच्या बाजूला काही दिसत नाही, पण पाठीमागे सगळीकडे चुण्या पडल्या आहेत आणि एक कोपरा तर वाकडाच झाला आहे. टाके मी अगदी सारखे घातले होते. मग चूक कुठे झाली?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : चूक टाक्यांत नाही, थर अंथरण्यात आहे. गोधडीचे बरे-वाईट सुई हातात घेण्यापूर्वीच ठरते आणि नवशिके नेमके तेच काम घाईघाईने उरकतात, म्हणून याचे उत्तर थोडे विस्ताराने देत आहे.

पलंगावर किंवा गादीवर थर अंथरू नयेत. स्वच्छ पुसलेली फरशी हीच योग्य जागा. सगळ्यांत खालचा थर इतरांपेक्षा चारही बाजूंनी दोन-दोन इंच मोठा घ्यावा, उलटी बाजू वर करून पसरावा आणि त्याच्या कडा चिकटपट्टीने फरशीला पक्क्या कराव्यात. कापड सपाट हवे, ताणलेले नको. ताणून चिकटवलेले कापड पट्टी काढताच मूळ मापावर येते आणि वरचे थर ढिले पडून पाठीमागे चुण्या जमतात. आपल्या दुपट्याचे बहुधा हेच झाले असावे.

त्यावर दुसरा थर मधोमध ठेवून तळहाताने मध्यापासून कडांकडे सारवत न्यावा, तसाच तिसरा आणि चौथा. सर्व थरांचा उभा धागा, म्हणजे काठाला समांतर जाणारा धागा, एकाच दिशेला असावा. कापड आडव्या दिशेला उभ्यापेक्षा अधिक ताणले जाते आणि तिरके, म्हणजे उरेब, धरले तर सर्वांत जास्त. एखादा थर फिरवून ठेवला, की धुतल्यानंतर तो वेगळ्या दिशेला ओढ घेतो. वाकड्या कोपऱ्याचे कारण तेथे शोधावे.

आता कच्चा धावदोरा, म्हणजेच टाचण : थर जागच्या जागी धरून ठेवणारे, नंतर काढून टाकायचे लांब टाके. हे काम टाचण्यांवर भागवू नये. टाचण्या गळतात, कापड घड्या पडून सरकते आणि बाळाच्या दुपट्यात एखादी राहून गेली तर धोका आहे. मुख्य दोऱ्याहून वेगळ्या, ठळक रंगाचा दोरा घेऊन मध्यबिंदूपासून आधी उभी आणि आडवी, मग कोपऱ्यांकडे तिरकी अशा ओळी घालाव्यात. त्यानंतर सगळ्या कापडावर चार-चार बोटांच्या अंतराने लांब टाके टाचावेत. चार बोटे म्हणजे फार जवळ असे वाटेल. दुपट्याला तेवढेच हवे, मोठ्या गोधडीला एक वीत चालेल. टाचण घालताना खालचा हात कापडाखाली न घालता सुई फरशीला टेकवून तिरकी वर आणावी, म्हणजे थर उचलले जात नाहीत. मग चिकटपट्टी काढून सगळे उलटे करावे आणि पाठीवरून हात फिरवून पाहावे. चुणी लागली तर तेवढे टाचण उसवून पुन्हा घालावे. या टप्प्यावर एक तास गेला तरी पुढे अनेक संध्याकाळी वाचतात.

टाके कोठून सुरू करावेत याविषयी दोन पद्धती आहेत आणि दोन्हींना कारण आहे. आपल्याकडील अनेक बायका कडेपासून सुरुवात करून चौकोनात चौकोन असे आत-आत येतात. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, करताना हेच करतात. त्या कडेपासून तुकडे जोडत-शिवत मध्याकडे येतात आणि चारही कोपऱ्यांवर कापडाचे त्रिकोणी घडीचे फूल लावतात. तुकडा शिवतानाच जागेवर बसवला जात असल्याने त्यांना टाचणाची फारशी गरज पडत नाही. मात्र सगळे थर आधीच पूर्ण अंथरलेले असतील आणि हात नवखा असेल, तर कडेकडून आत येताना राहिलेला ढिलेपणा मध्यभागी साचतो आणि तिथून त्याला वाट मिळत नाही. म्हणून आपण मध्यापासून बाहेर जावे. जास्तीचे कापड कडेला सरकते आणि तेथे कापून टाकता येते.

दोरा हातभर, म्हणजे सुमारे 18 इंच घ्यावा. लांब दोरा गुंततो आणि कापडातून वारंवार जाऊन झिजतो. मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढून घेतला तर आणखी बरे. सुरुवातीची गाठ वरच्या थराखाली ओढून आतच लपवावी. एका वेळी सुईवर तीन-चार टाके भरावेत आणि दोरा हलकेच ओढावा. घट्ट ओढला तर अंथरण्यात घेतलेले सगळे कष्ट वाया जातात.

प्रश्न : हेच काम शिलाई मशीनवर करता येईल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : करता येईल, पण सोपे पडेल असे समजू नये. साध्या मशीनमधले सुईखालचे दाते खालच्या थराला पुढे नेतात आणि कापड दाबून धरणारा वरचा फूट वरच्या थराला अडवून धरतो, त्यामुळे ओळ संपेपर्यंत थर एकमेकांवरून सरकतात. वॉकिंग फूट नावाचा वेगळा जोड लावला तर वरचा थरही बरोबरीने पुढे जातो. 16 नंबरची सुई आणि तीन ते चार मिलिमीटर लांबीची टीप ठेवावी, टाचण हाताच्या कामापेक्षाही दाट घालावे आणि शेजारच्या दोन ओळी एकाच दिशेने माराव्यात. मला स्वतःला दुपट्यासाठी हातशिलाईच आवडते. मशीनची टीप धुतल्यावर थोडी कडक लागते.

प्रश्न : मी न्यू जर्सीमध्ये राहते. आईच्या साड्यांची गोधडी करायची आहे, पण येथील थंडीला चार साड्या पुरणार नाहीत. येथील दुकानांत मिळणारे बॅटिंग, म्हणजे थरांच्या मध्ये घालायचे तयार भरण, त्यात घालावे का?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : घालावे, तेवढ्याने गोधडीची जात बिघडत नाही. सुती किंवा सुतीमिश्रित पातळ बॅटिंग घ्यावे आणि वर एक, खाली एक असे साडीचे थर ठेवावेत. सुती बॅटिंग धुतल्यावर तीन ते पाच टक्के आटते, म्हणून माप सढळ धरावे. दोन ओळींमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते पाकिटावर छापलेले असते. गोधडीच्या ओळी त्याहून कितीतरी जवळ असल्याने ती अडचण आपल्याला येत नाही. तुकडे जोडून नक्षी करायची असेल तर जुने कापड सरकू नये म्हणून त्याच्या पाठीला इस्त्रीने चिकटणारे हलके अस्तर लावावे आणि जोडाची शिवण कडेपासून पाव इंच आत घालावी.

आपण राहता त्या अमेरिकेतच, अलाबामा राज्यातील जीज् बेंड या वस्तीतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी वापरून झिजलेल्या कामाच्या कपड्यांतून केलेल्या गोधड्यांचे 2002 मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात प्रदर्शन भरले आणि 2006 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटेही निघाली. त्यांची छायाचित्रे शोधून जरूर पाहावीत. तुकड्यांच्या मापात काटेकोरपणा नसूनही रंगांची मांडणी किती विचारपूर्वक करता येते, हे नवशिक्याला त्यांतून चांगले कळते.

प्रश्न : गोधडी धुवावी कशी, ठेवावी कशी, आणि टाके उसवले तर काय करावे?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : पहिले धुणे थंड पाण्यात, वेगळे करावे. चार थरांची एकेरी गोधडी भिजल्यावर फार जड होते. घरच्या मशीनची क्षमता पाहूनच ती आत घालावी. पिळून दोरीवर एका रेषेत टांगू नये, सगळा भार त्या रेषेतल्या टाक्यांवर येतो. खाटेवर किंवा दोन दोऱ्यांवर पसरून, मधूनमधून उलटी करून वाळवावी. आपल्या कोकणातील दमट पावसाळ्यात घडी घालून ठेवण्यापूर्वी कापड आतल्या थरापर्यंत वाळले आहे याची खात्री करावी, नाहीतर बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते जात नाहीत. बाळाच्या दुपट्यात डांबराच्या गोळ्या कधीही ठेवू नयेत; नॅफ्थलीन तान्ह्या मुलांच्या रक्ताला अपायकारक ठरू शकते. तसेच वर्षाच्या आतले बाळ झोपलेले असताना दुपटे त्याच्या अंगावर सैल पांघरण्यापेक्षा, जागे असताना खाली अंथरायला वापरावे.

टाके उसवले तर तेवढाच दोरा ओढून तोडू नये. तुटलेल्या जागेच्या दोन-तीन इंच अलीकडून नवा दोरा सुरू करून जुन्या टाक्यांवरूनच पुढे न्यावा आणि तितकाच पलीकडे संपवावा. वरचे कापड फाटले असेल तर ठिगळाच्या कडा आत दुमडून ते चारही बाजूंनी शिवावे आणि मग गोधडीच्या मूळ ओळी त्या ठिगळावरूनही तशाच पुढे चालवाव्यात, म्हणजे ते खालच्या थरांना धरून राहते. कडा आधी झिजतात. गोट विरला तर तो उसवत न बसता त्याच्यावरूनच अडीच इंच रुंदीची नवी पट्टी लावावी. जुन्या साडीचा काठ त्यासाठी उत्तम, कारण साडीचा तो भाग सर्वांत दाट विणलेला असतो.