शाळेच्या समूहगान गटासाठी मुलांची ऑडिशन घ्यावी का?

तुमचा मुलगा पाचवीपासून शाळेच्या समूहगानात होता. यंदा आठवीत ऑडिशन झाली आणि 'आवाज जुळत नाही' असं सांगून त्याला वगळलं. त्यावरून तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: मुलं जिथे शिकायलाच येतात तिथे अशी चाळणी लावावीच का, आणि पुढच्या वर्षी त्याने पुन्हा ऑडिशन द्यावी का. मी शाळेत संगीत शिकवते. ही चाळणी दरवर्षी माझ्याच हातात असते, त्यामुळे माझं उत्तर एका बाजूला कललेलं वाटलं तर तसं समजून वाचा.

ऑडिशन घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण ती घेतली नाही म्हणून निवड व्हायची राहत नाही. ती होतेच, फक्त कुणाला दिसत नाही. गॅदरिंग तोंडावर आलं की बाई वर्गात येतात आणि "गाणं कोणाकोणाला येतं?" म्हणून विचारतात. चटकन हात वर करणाऱ्या धीट मुली, गेल्या वर्षीची दोन-चार मुलं आणि ज्यांच्या आया स्टाफरूममध्ये बसतात ती, एवढ्यांचा गट तयार होतो. मागच्या बाकावर गुणगुणत बसणारा पोरगा हात वर करत नाही आणि त्याला कुणी विचारतही नाही.

'आमच्याकडे सगळ्यांना घेतात' असं अभिमानाने सांगणाऱ्या शाळांत तर याहून वाईट प्रकार मी पाहिलाय. घेतात सगळ्यांना, स्टेजवर ओळीने उभंही करतात, आणि ज्याचा सूर लागत नाही त्याला आदल्या दिवशी हळूच सांगतात, "तू नुसते ओठ हलव." चाळिशी-पन्नाशीतली कितीतरी माणसं 'मला गाता येत नाही' हे ज्या खात्रीने सांगतात, त्यांच्या खात्रीचं मूळ खोदलं की बऱ्याचदा हेच वाक्य सापडतं. सरळ 'यंदा नाही' म्हटलं असतं तर पोराने पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न केला असता. इथे गटात घेऊन गप्प केलं, मग तो पुन्हा प्रयत्न करणार तरी कशासाठी?

आता माझं भांडण कशाशी आहे ते सांगते. ऑडिशन एकट्याच्या गाण्याची घेतात आणि निवड करतात समूहाची. मुलगी येते, क्लासमध्ये घोटून बसवलेला अभंग म्हणते, दोन मुरक्या घेते, एक तान मारते, की झाली पहिली. पुढे तालमीत कळतं की तिला दुसऱ्याचं ऐकायची सवयच नाही. आठ जणांत तिची मुरकी वेगळीच टोचते. भारत विकास परिषदेची राष्ट्रीय समूहगान स्पर्धा घ्या. तिथे हिंदी गीत, संस्कृत गीत आणि लोकगीत असं सगळं म्हणावं लागतं, आणि गायक असतात मोजके. एवढ्या लहान गटात एक आवाज जरी वर आला तरी परीक्षकाला पहिल्याच ओळीत कळतं. उत्तम एकलगायिका घेऊन हरलेले गट मी परीक्षकाच्या खुर्चीतून पाहिलेत. मध्यम आवाजाची, पण एकजीव गाणारी मुलं जिंकतानाही पाहिलीत.

काही शाळा गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रवेशिका, म्हणजे शास्त्रीय संगीताची एक परीक्षा, झालेल्या मुलांनाच गटात घेतात. ही मला सर्वांत आळशी चाळणी वाटते. त्या परीक्षेला पोरगं एकटंच बसतं, राग गातं, प्रश्नांची उत्तरं देतं. शेजारच्याच्या सुरात सूर मिसळता येतो का, हे तिथे कुणी तपासत नाही. बरं, ज्याच्या घरी क्लासची फी परवडत नाही तो दारातच अडला. शास्त्रीय कलांच्या परीक्षांचे सवलतीचे गुण दहावीला मिळतात म्हणून हल्ली क्लासला गर्दी आहे. ते चांगलंच आहे, पण तो हिशेब वेगळा.

मी मुलांना तिघा-तिघांनी आत बोलावते. एकट्याला बोलावलं की निम्म्यांचा घसा भीतीनेच सुकतो. पेटीवर काळी चार धरते, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला सा मानते, आणि राष्ट्रगीत म्हणायला सांगते. ते प्रत्येकाला पाठ असतं, त्यामुळे क्लासवाला आणि बिनक्लासवाला एका रेषेवर येतात. शिवाय त्याची वेळ ठरलेली, ५२ सेकंद. घड्याळावर एक डोळा ठेवला की कोण रेंगाळतंय, कोण पळतंय ते आपोआप दिसतं. मग दुसऱ्यांदा म्हणायला लावते आणि काही न सांगता पट्टी काळी पाचवर नेते. ज्याचा कान उघडा आहे तो एखाद्या शब्दात अडखळतो, पेटीकडे बघतो आणि नवा सा पकडतो. जो स्वतःचंच ऐकतो तो जुन्या पट्टीत ठणठणीत गात राहतो, वर विजयी चेहऱ्याने माझ्याकडे बघतो. पुढे सर्वांत मोठ्या आवाजाच्या मुलाला सांगते की शेजारचीचा आवाज तुला नीट ऐकू येईल इतपतच गा. वरकरणी सोपं वाटतं, पण भल्याभल्यांची इथे दांडी उडते.

शेवटी लय. केरवा तालाच्या आठ मात्रा टाळीवर धरून एक ओळ म्हणायची, मग टाळी बंद, तोंडही बंद, एक आवर्तन मनातल्या मनात मोजायचं आणि सगळ्यांनी एकदम समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, यायचं. तबल्याच्या क्लासची मुलं यात हमखास पास होतात. लेझीम खेळणारीही होतात, हे मला सुरुवातीला अपेक्षित नव्हतं.

ज्यांचा सूर अजिबात लागत नाही त्यांचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात येईलच. कानच नाही अशी मुलं फार थोडी असतात. बाकीच्यांना गाण्याचा आवाज अजून सापडलेला नसतो, ती बोलण्याच्याच आवाजात गात असतात. अशा मुलाला पेटीचा सूर शोधायला लावण्यापेक्षा मी त्याचा सूर पेटीवर शोधते. "तुला हवा तो सूर लाव" म्हणायचं, तो जिथे लागेल ती पट्टी दाबायची आणि "हा बघ, लागला" म्हणून तिथून एकेक स्वर वर सरकायचं. सहावी-सातवीच्या मुलांना मांजराचं म्यांव किंवा रुग्णवाहिकेचा भोंगा काढायला लावला की आवाज खालून वर आपोआप घसरत जातो आणि त्यांना कळतं, अरे, आपला आवाज एवढा वर जातो. हे काम पाच मिनिटांच्या ऑडिशनमध्ये होत नाही. म्हणून माझा आग्रह असतो की आधी शिकवा, मग तपासा. जून ते ऑगस्ट आठवड्याच्या तासिकेला सगळ्या वर्गाला गायला लावायचं आणि ऑडिशन त्यानंतर. बहुतेक शाळांत उलटं चालतं. ऑडिशन आधी, आणि शिकवणं फक्त पास झालेल्यांना.

गोव्यात जुन्या काळी चर्चला जोडलेल्या पॅरिश शाळांत नेमका हाच क्रम होता. अक्षरओळखीबरोबर येईल त्या पोराला सोल्फा, म्हणजे त्यांची सरगम, शिकवायची, व्हायोलिन हातात द्यायचं. कोण कॉयरमध्ये, म्हणजे चर्चच्या गानवृंदात, उभं राहणार हे मागाहून ठरायचं. शिकवणाऱ्याला मेस्त्रे म्हणत. या परंपरेतून तयार झालेले वादक पुढे मुंबईच्या सिनेमाच्या ऑर्केस्ट्रांत इतक्या संख्येने गेले की पन्नास-साठच्या दशकातल्या हिंदी गाण्यांची साथ त्यांना वगळून सांगताच येत नाही. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही गोव्याहून आलेल्यांतलीच नावं. पोर्तुगीज अमलाचं कौतुक म्हणून सांगत नाही हं. सगळ्यांना आधी शिकवलं की निवडायला माणसं भरपूर मिळतात, एवढंच.

पुण्यात शाळांच्या नावाने चालणाऱ्या ढोल-ताशा पथकांची रीत आणखी वेगळी. ज्ञान प्रबोधिनी किंवा रमणबागेच्या पथकाचा सराव गणपतीच्या आधी कधी बघितलात तर ध्यानात येईल की तिथली खरी चाळणी म्हणजे रोजची हजेरी. कमरेला ढोल बांधून संध्याकाळभर उभं राहायचं, हाताला फोड आले तरी दुसऱ्या दिवशी यायचं. गळणारे आपणहून गळतात. ताशा मात्र ज्याच्या हातात लय पक्की आहे त्याच्याच गळ्यात पडतो, तिथे भीड चालत नाही. समूहगानातही हजेरीला वजन असावं असं मला वाटतं, पण नुसत्या हजेरीवर सूर लागत नाही, त्यामुळे ती रीत जशीच्या तशी उचलता येणार नाही.

आता तुमचा मुलगा. आठवी म्हणजे तेरा-चौदा वर्षांचा. मला जवळजवळ खात्री आहे की त्याचा आवाज फुटतोय. या वयात मुलांचा स्वरयंत्राचा भाग वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज साधारण एक सप्तक खाली उतरतो. उतरताना मध्येच चिरकतो, कधी नुसतीच हवा येते. शाळेचे गट मुलींच्या आणि लहान मुलांच्या सोयीने काळी चार-काळी पाचला गातात. तुमच्या मुलाचा सा आता काळी एक-दोनच्या आसपास स्थिरावेल. त्याने गटाच्या पट्टीत गायचं म्हटलं तर वर आवाज फाटतो आणि सप्तक खाली घेतलं तर गाणं खर्जात बुडतं. म्हणजे बाईंनी सांगितलेलं खोटं नसावं. फक्त ते अर्धवट सांगितलं. 'तुझा आवाज फुटतोय, सहा महिने-वर्षभरात स्थिरावेल, तोवर ढोलकीवर बस किंवा खाली सा-प धरून राहा' असं म्हणता आलं असतं. पाचवीपासून गटात असलेल्या पोराला गाण्याची लय, उठाव, थांबे सगळं ठाऊक असतं. अशा मुलाला घालवणं शाळेच्याच तोट्याचं.

त्याला गाणं सोडू देऊ नका. रोज थोडा वेळ, आरामात लागेल त्या पट्टीत, मधल्या आणि खालच्या सुरांत गाऊ दे. पूर्वीच्या उंचीवर चढायचा हट्ट नको, ताणलेला घसा या वयात लवकर दुखावतो. आवाज सलग तीन आठवड्यांहून जास्त बसलेला राहिला तर मात्र वयाचं कारण देत न बसता कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, पुढच्या वर्षी त्याने ऑडिशन द्यावीच. दहावीच्या मुलांना बहुतेक शाळा बोर्डाच्या नावाखाली मोकळं सोडतात, म्हणजे त्याच्या हातात नववीचं एकच वर्ष आहे. तोवर बाईंना एकदा भेटून या. तक्रारीच्या सुरात नको, 'नेमकं काय कमी पडलं, सूर, लय की फक्त पट्टी?' एवढंच विचारा. फलकावर यादी लावली की काम संपलं असं बऱ्याच जणांना वाटतं. पालक शांतपणे विचारायला आले की बहुतेक शिक्षक नीट सांगतात. उत्तर 'पट्टी' असं आलं तर नववीत गट कुठल्या पट्टीत गाणार आहे तेही विचारून घ्या. फुटलेल्या आवाजाची आणखी दोन-तीन मुलं असतील तर त्यांना खालच्या सप्तकात एक ओळ वेगळी देता येते, स्पर्धेत ती उठूनही दिसते. बाईंना ते जमणार नसेल, तर या मेपासूनच त्याला ढोलकीच्या क्लासला घाला. प्रत्येक गटाला वादक लागतातच, आणि त्या जागेसाठी ऑडिशनला यायला सहसा फार कुणी नसतं.