घर बांधायला काढलं आणि बोलणं बंद झालं

मागच्या आठवड्यात बीडकडच्या एका ताईंचा मेसेज आला. थोडक्यात सांगते: "मॅडम, आमच्या घराचा पाया झालाय. मी काही सुचवलं की ह्यांना वाटतं मला सासू-सासरे सोबत नकोत म्हणून मी खोडा घालायले. आता आम्ही मिस्त्रीमार्फतच बोलतो. घर होईल, पण आमचं काय?"

संक्रांतीनंतर बांधकामं जोरात सुरू झाली की अशी दोन-तीन जोडपी माझ्याकडे समुपदेशनाला येतातच. घरातले मोठे "घर पाहावं बांधून" एवढं म्हणून विषय मिटवतात, म्हणजे सगळ्यांचंच असं होतं, गप बसा. पण गप बसून होत नाही हो. बांधकामात रोज काहीतरी ठरवावं लागतं आणि तेही घाईत, कारण ठेकेदार म्हणतो साहेब आज सांगा, उद्या माल येतोय. बँकेचं लोन पाया, जोतं, स्लॅब असं टप्प्याटप्प्यानं मिळतं, तोवर इकडं भाडं पण चालू आणि तिकडं व्याज पण चालू, मग संध्याकाळी दमून आलेल्या नवऱ्याला बायकोनं "थांबा जरा, विचार करू" म्हणलं तरी ते आडवं आल्यासारखं वाटतं.

ताई, तुम्हाला उत्तर द्यायच्या आधी मी लातूरच्या एका जोडप्याचं सांगते. त्यांनी लिहायला हो म्हटलंय, ओळख पटेल अशा गोष्टी बदलल्यात.

तीस बाय चाळीसचा एनए प्लॉट. नवरा नोकरीला, बायको घरी शिवणकाम करणारी, दोन लेकरं. पहिल्याच दिवशी त्या दादांनी पिशवीतून नकाशा काढला आणि माझ्या टेबलावर पसरला, चारी कोपऱ्यांवर माझ्याच वस्तू ठेवून. खाली हॉल, किचन, आईवडिलांची खोली (आईचे गुडघे गेलेत, जिना चढणं होत नाही), लेकरांची खोली. वर ह्या दोघांची बेडरूम आणि एक मोठी खोली शिवणाच्या मशीनसाठी, चांगला उजेड येईल अशी. मला तर नकाशा बघून बरं वाटलं, माणसानं बायकोच्या कामाचा विचार केलेला दिसत होता.

बायकोचं एकच म्हणणं. वर मजला नको.

"का नको ते तर सांग," दादा. "नको मनलं ना." बस, एवढंच. दादांनी मला हिशोब मांडून दाखवला, बाजूला जागा सोडून खाली दोनच खोल्या बसतात, एक लेकरांना, एक आम्हाला, मग माझे आईबाप कुठं जातील? जिना काढून टाकला की आईबाप निघाले, असं त्यांचं सरळ गणित होतं. त्यात मोठ्या वहिनी फोनवर म्हणाल्या होत्या की "तिला मोकळं राहायचंय, दुसरं काही नाही", ते वाक्य त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

आणि मी पण चुकले. दोन सेशन मी सासू-सून याच वाटेनं नेले. सासूबाई कशा आहेत, त्रास होतो का, काही बोलल्या का. ती बाई प्रत्येक वेळेला सासूबद्दल चांगलंच सांगायची. दोन्ही बाळंतपणं सासूनं केलेली, ताप आला की सासू गावाहून येऊन राहायची. मला वाटलं नवऱ्यासमोर बोलत नसेल म्हणून एकटीला बोलावलं, तरी तेच. तेव्हा लक्षात आलं की मी दादांचाच प्रश्न तिला विचारायले, तिचा प्रश्न मला अजून कळलेलाच नाही.

मग मी घराचं बोलणं सोडलं आणि सहज विचारलं, आत्ता भाड्यानं कुठं राहता? तिसऱ्या मजल्यावर, सगळ्यात वर. त्याआधी? दुसऱ्या मजल्यावर, तिथंपण सगळ्यात वर. तेरा वर्षांत चार घरं, चारही वरची. दादांना मी नंतर विचारलं तर म्हणाले हिला गच्ची लागते, पापड-कुरडया वाळवायला. तिला विचारलं तर ती बराच वेळ ओढणीच्या टोकाशी खेळत बसली आणि म्हणाली, "वर कुणी नसतंय ना. डोक्यावर काही नसतंय."

माहेर कुठलं म्हणून विचारलं. औसा तालुका.

आमच्या भागात एवढं पुरतं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या आसपास, गणपती विसर्जन करून गावं नुकती झोपलेली. किल्लारीच्या त्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली, ५२ गावं उठवून नव्या जागी वसवावी लागली. ती तेव्हा सात वर्षांची. विसर्जनाहून येऊन अंगणातच बाजेवर आईजवळ झोपी गेलेली, म्हणून वाचली. आजी आणि धाकटा भाऊ आतल्या खोलीत होते. पुढचे कितीतरी महिने पत्र्याच्या शेडमध्ये गेले, आणि ती म्हणाली की तिला पत्र्याखाली शांत झोप यायची, पुढं नवीन गावात पक्कं घर मिळालं तेव्हा नाही यायची.

नवऱ्याला माहीत नव्हतं असं नाही. सासरवाडी भूकंपातली आहे हे लग्न ठरताना सगळ्यांनाच माहीत होतं. पण त्या रात्री ती कुठं झोपली होती हे तेरा वर्षांत त्यांनी विचारलं नव्हतं आणि तिनं सांगितलं नव्हतं. तिच्या माहेरी पण कुणी बोलत नाही, भावाचं नाव निघालं की आई उठून आत जाते. आणि "वर मजला नको"चा संबंध ह्या सगळ्याशी आहे हे तिला स्वतःला तरी कुठं धड कळलेलं होतं, तिला फक्त एवढंच दिसायचं की लेकरं खाली झोपलीत आणि वर सगळं बांधकाम आहे, आणि छाती भरून यायची.

पुढच्या वेळेला दोघांना एकत्र बसवलं. तिनं सांगितलं, तुटक तुटक. दादा खाली बघत ऐकत होते. ती थांबल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही आणि मग ते म्हणाले, "म्हणून टॉर्च का."

तेरा वर्षं तिच्या उशाशी टॉर्च आणि पायाशी चप्पल असायची. विसर्जनाच्या रात्री ती लाईट बंद करू द्यायची नाही. ते ह्याला सवय समजत होते.

इथं संपलं असं वाटेल पण नाही. उलट दादांनी घरी जाऊन एकदम दुसरं टोक गाठलं. एकच मजला करू, आईबाबा गावाकडंच राहू देत, मी सांगतो त्यांना. प्रेमापोटीच म्हणाले, पण मी त्यांना थांबवलं, कारण असं केलं असतं तर आयुष्यभर घरात हेच राहिलं असतं की हिच्यामुळं म्हातारी माणसं गावी राहिली. आणि तिला पण ते नको होतं. तिला सासू-सासरे हवेच होते, तिला भीती नको होती, आणि भीतीवर एकट्या नवऱ्यानं परस्पर निर्णय घेऊन भागत नाही.

मी एवढंच सुचवलं की ज्या इंजिनिअरनं डिझाईन केलंय त्याच्यासोबत तिला तासभर बसवा, आणि प्रश्न तिला विचारू द्या, दादांनी मधे बोलायचं नाही. तो पोरगा चांगला निघाला. हसला नाही, घाई केली नाही. त्यानं आधी तिच्या जुन्या घराबद्दलच विचारलं. दोन-अडीच फुटाच्या दगडी भिंती, दगड चिखलात बसवलेले, आतला थर आणि बाहेरचा थर एकमेकांत न गुंतलेला, आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, दर पावसाळ्याआधी आणखी माती टाकून टाकून जड झालेलं. हादरा बसला की भिंत फुगून फाटते आणि ते सगळं ओझं खाली येतं. ती म्हणाली हो, असंच होतं आमचं. मग त्यानं सांगितलं की कॉलम-बीमच्या घरात वजन भिंतींवर नसतं, सांगाड्यावर असतं, आणि सांगाडा टिकतो तो सांध्यांवर. कॉलमच्या सळयांभोवती बांधलेल्या रिंगांची टोकं काटकोनात वाकवून सोडायची नसतात, १३५ अंशात आत कॉंक्रीटमध्ये वळवायची, म्हणजे हादऱ्यात उघडत नाहीत, आणि बीम-कॉलम जिथं मिळतात त्याच्या वरखाली रिंगा जवळ जवळ घ्यायच्या. भूकंपाआधी हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये धरला जायचा, भूकंप-नकाशाच्या २००२ च्या सुधारणेत लातूर झोन तीनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या भागात आलं, हे पण त्यानंच सांगितलं. काळी माती काढून खाली कडक मुरूम लागेपर्यंत का खांदलं तेही सांगितलं, ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते.

"घर कधीच हलणार नाही" असं तो म्हणाला नाही, ते मला फार आवडलं. हलेल, पण तुम्हाला बाहेर यायला वेळ देईल असं बांधायचं, असं म्हणाला. तिला खोटा धीर दिला असता तर तिनं ऐकूनच घेतला नसता.

त्यानंतर ती साईटवर जायला लागली. रोज, डबा घेऊन. सळया बांधणाऱ्या फिटर लोकांनी पहिल्या दिवशी तोंडं वाकडी केली पण तिनं एका कॉलमच्या रिंगांची टोकं काटकोनात सोडलेली बरोबर धरली, आणि त्या सगळ्या परत वळवून घेतल्या. दादा मला फोनवर सांगत होते, आवाजात कौतुक. ज्या बाईला महिन्याभरापूर्वी नकाशा बघवत नव्हता ती आता "मावशी आल्या, टोकं बघा रे" अशी ओळखली जायली होती.

झोपेचा त्रास जास्त होता म्हणून मी तिला एका मानसोपचार तज्ज्ञांकडे पण पाठवलं, ते माझं काम नव्हे आणि सांगायला लाज वाटायचं कारण नाही. ज्यांना जवळपास कुणी नाही त्यांनी टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ नंबर लावावा, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

दोघांना मी घरातला एक नियम लावून दिला, तोच इथं सगळ्यांना सांगते. जे नंतर बदलता येत नाही ते आधी आणि सावकाश बोलायचं: पाया, कॉलम, जिना कुठं, भिंतीच्या आतून जाणारे पाईप. जे बदलता येतं त्यावर, म्हणजे रंग, फरशी, पडदे, नळ ह्यावर एकमेकांचं मन मोडायचं नाही, ज्याला जास्त हौस त्याचं चालू द्यायचं. हे बोलणं रविवारी सकाळी, चहाच्या वेळेला. मिस्त्रीसमोर नाही आणि रात्री अंथरुणावर तर अजिबात नाही. ह्याच रविवारी एकदा दादांनी कबूल केलं की पतसंस्थेतून दीड लाख उचललेत आणि सांगितलं नव्हतं. भांडण झालं. पण हिशोबाची वही त्या दिवसापासून फ्रिजवर, दोघांच्या हाताला येईल अशी.

स्लॅब मे महिन्यात पडला. ज्या शहराला २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तिथं मे महिन्यात स्लॅबला पाणी मारणं म्हणजे काय ते लातूरकरालाच विचारा. टँकर आणून, स्लॅबवर छोटे छोटे वाफे करून पाणी साठवलं, कॉलमला गोणपाट गुंडाळली. दोघं संध्याकाळी जाऊन पाईप धरायचे. ती म्हणाली पहिल्या दिवशी ती स्लॅबवर उभी राहिली, पण खाली, सेंट्रिंगच्या (स्लॅबला धरून ठेवणाऱ्या फळ्या-टेकूंच्या) आत जायला तिला दहा दिवस लागले. मी म्हटलं लागू देत.

सासूबाईंना सांगायचं का, हा मोठा प्रश्न होता. तिनं स्वतःच सांगितलं, उंबरा बसवायच्या दिवशी. सासूबाई गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "मला आधी का नाही सांगितलंस माय. मी तर लई वंगाळ समजून बसले होते." वहिनींचं वाक्य गावापर्यंत पोचलेलं होतं तर.

आता बीडच्या ताई, तुमच्या घरातली गोष्ट हीच असेल असं मी म्हणत नाही. पण तुमच्या मेसेजमध्ये तुम्ही काय सुचवलं आणि का, हे कुठंच नाही. कदाचित ह्यांनाही ते कळलेलं नसेल. सासू-सासऱ्यांवरून तुमच्यावर होणाऱ्या आरोपाला उत्तर देत बसू नका, आधी तुमचं "का" स्वतःशी नीट शोधा, ते अगदी जुनं किंवा बारीक असलं तरी चालेल, ओट्याची उंची असेल, माहेरच्या घरातली एखादी अंधारी खोली असेल. मग ते एका वाक्यात ह्यांना सांगा, मिस्त्री घरी गेल्यावर. आणि ह्यांना पण विचारा की आईवडिलांच्या खोलीबद्दल एवढी घाई का, तिकडंही काहीतरी असणार. पाया झालाय म्हणता, म्हणजे भिंती, खिडक्या, जिना अजून हातात आहे. जोत्याच्या पुढं काम जायच्या आत बसा. ऐकूनच घेत नसतील तर जवळच्या समुपदेशकाकडे दोघं जा, ते नाही आले तर तुम्ही एकट्या गेलात तरी चालेल.

लातूरच्या घराची वास्तुशांत दिवाळीनंतर झाली. मी गेले होते, पुरणपोळी खाऊन आले. दोघं वरच्या खोलीत राहतात, शिवणाची मशीन तिथंच. लेकरांनी पहिल्या रात्री हट्ट केला की आम्ही खाली आजीजवळ झोपणार, आणि तिनं हो म्हटलं. रात्री दोनदा खाली जाऊन बघून आली. तिसऱ्यांदा उठली तर शेजारी हे नाहीत. जिन्यात आली तर टॉर्च घेऊन खालच्या पायरीवर बसलेले, म्हणाले, "झोपलीत दोघंबी. तू झोप, मी आहे इथं."