रिंगवर्मला ‘वलयकृमी’ म्हणू नका

प्रश्न आला आहे: ‘रिंगवर्मला मराठीत वलयकृमी म्हटलं तर चालेल का? गजकर्ण, नायटा म्हणजे तेच का?’

हो, तेच. आणि वलयकृमी अजिबात चालणार नाही. आजार बुरशीचा, त्यात कृमी औषधालासुद्धा सापडायचा नाही. परवाच औषधांच्या दुकानात एक गृहस्थ मांडीवरच्या गोल चट्ट्यासाठी जंताची गोळी मागत होते. घरचे दोन शब्द असताना इंग्रजांची अळी उसनी आणायची कशाला?

बरं, ती अळी आली कुठून? डॉक्टर ‘टिनिया’ लिहितात ना, त्या लॅटिन शब्दाचा अर्थ चक्क कसर! लोकरीला आणि पुस्तकांना लागते ती. कसर लागलेल्या शालीला गोल भोकं पडतात, तसे कातडीवर चट्टे. १८४० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसली, पण नाव कसरीचंच राहिलं.

माझा लाडका शब्द मात्र गजकर्णाचं संस्कृत नाव, दद्रू. हिंदीतली ‘दाद’ यातूनच आली. इंग्रजीतला जुना ‘टेटर’ याचा चुलतभाऊ, लिथुआनियनमधला ‘देदेर्विने’ही. म्हणजे या भाषा एका घरात नांदत होत्या तेव्हापासूनची ही खाज! पावसाळ्यात आपण टाकळ्याची भाजी खातो, त्याचं संस्कृत नाव दद्रुघ्न. दुसरं चक्रमर्द, ते चक्र म्हणजे हाच चट्टा.

आता गजकर्ण. ‘हत्तीच्या कानाएवढा चट्टा’ असं ठोकून देणाऱ्या जाणकारांनी हत्तीचा कान पाहिलेला नसावा. तेवढा चट्टा पाठीवर मावेल तरी का? देवळाच्या दारातल्या म्हाताऱ्या हत्तीचा कान जवळून बघा: रंग उडालेला, कडेला गुलाबी, ठिपकेदार. चट्ट्याचीही कडच लाल, मध्ये निवळलेलं. माझ्या मते नाव आकारावरून नाही, या कडेवरून पडलं. पुरावा? डोळे.

चरकाने दद्रूला क्षुद्रकुष्ठांत, म्हणजे किरकोळ त्वचारोगांत बसवलं, सुश्रुताने महाकुष्ठांत, म्हणजे मोठ्या त्वचारोगांत. इतकी वर्षं मी चरकाच्या बाजूचा होतो. पण स्टिरॉइड मिसळलेली मलमं चोळून चोळून आपण या आजाराला भलताच निर्ढावून ठेवला. २०२० मध्ये यातल्या एका बुरशीला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनिए’ हे नाव मिळालं. इंडो म्हणजे आपणच; पुढे पुन्हा ती कसर आहेच. ही दाद पुष्कळदा टर्बिनाफिन या बुरशीवरच्या औषधालाही दाद देत नाही. तेव्हा सुश्रुतच बरोबर.

नायट्याचं राहिलंच. ते पुन्हा कधीतरी.