पहिल्यांदाच तिसऱ्या करतोयस? मग हे वाच

नाशकात बसून तिसऱ्यांची (म्हणजे खायच्या शिंपल्यांची) हौस, छान! माल घाट चढून बर्फात येतो, म्हणून ताजेपणाची चिंता सगळेच करतात. नवखे फसतात ते भलतीकडेच. शिंपले पाणी गाळून खातात; त्यात सांडपाणी मिसळलं असेल तर नोरोव्हायरस (उलट्या-जुलाबांचा), हिपॅटायटिस ए (काविळीचा) असे विषाणू त्यांच्या पोटात साठतात. वास येत नाही, चव बदलत नाही, बर्फानेही ते मरत नाहीत.

सध्या एवढंच सांभाळ:

- शिंपला उघडला की गॅस बंद, ही सगळ्यांची पहिली चूक (माझीही). आतलं मांस ९० अंशांवर दीड मिनिट तापायला हवं. म्हणून उघडल्यावरही रस्सा खळखळून उकळू दे.
- मिठाच्या पाण्याने रेती जाते, विषाणू नाही. लिंबू-कोकमाचंही तेच.
- हात साबणानेच धू. सॅनिटायझरला नोरोव्हायरस फारसा जुमानत नाही.

कच्ची कालवं? नकोच. १९८८ साली शांघायमध्ये कच्च्या-अर्धकच्च्या शिंपल्यांमुळे सुमारे ३ लाख लोकांना कावीळ झाली. नोरोव्हायरसच्या उलट्या-जुलाब एक-दोन दिवसांत कळतात. ही कावीळ साधारण महिन्याने उगवते, तोवर काय खाल्लं होतं ते आठवतही नाही.

मसाल्याचं पुढच्या वेळी बोलू. काळा मसाला मात्र जपून, तिसऱ्यांची चवच मारतो.