वाचकांचे प्रश्न: अंगणातले कांगारू, छपरावरचे पॉसम आणि आपली साळुंकी

गेल्या अंकात नांदूर मध्यमेश्वरच्या पाहुण्या पक्ष्यांवर लिहिलं होतं, तर यावेळी निम्मी पत्रं आली ती ऑस्ट्रेलियाबद्दल. नाशिकच्या कितीतरी घरांतली मुलं आता तिकडे आहेत आणि त्यातली काही शहर सोडून बाहेर गावाकडे जागा घेऊन राहतायत, त्यामुळे आई-बाबा गेले की थेट जंगलाच्या शेजारीच मुक्काम. म्हणून हा पूर्ण अंक त्याच प्रश्नांना.

प्रश्न: मुलगा-सून ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या बेंडिगो शहराच्या बाहेर राहतात, मागे पाच एकर मोकळी जागा आहे. मी सप्टेंबरात जाऊन फेब्रुवारीपर्यंत राहणार आहे. सूनबाई सांगते की संध्याकाळी घरामागे कांगारू येतात. मी दिवसभर एकटीच असेन, मला हे सगळं नीट बघायचंय. पोळीचा तुकडा टाकला तर जवळ येतील का? — गंगापूर रोडवरून एक वाचक

काकू, पोळी अजिबात नको. हे आधी सांगतो कारण आपल्याकडे दारात आलेल्याला काहीतरी घालायचं हा संस्कारच आहे, पण तिथे त्याने प्राण्याचं नुकसान होतं. कांगारूचं पोट आणि दात गवतासाठी बनलेत, ब्रेड-पोळीसारखं मऊ खाणं मिळत राहिलं की हिरड्यांना जखमा होऊन जबड्याला सूज येणारा एक आजार होतो, जबडा सडत जातो आणि त्यातून प्राणी दगावतो. शिवाय माणसाकडून खायला मिळतं हे एकदा कळलं की मोठा नर हक्काने अंगावर येऊ शकतो, आणि असा नर उभा राहिला की आपल्याएवढा होतो, मागच्या पायांची लाथ फार जोरात बसते. समोरासमोर आलाच तर पाठ फिरवून पळायचं नाही, थोडं वाकून हळूहळू मागे सरकायचं आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवायची. घरी कुत्रा असेल तर त्या वेळेला बांधून ठेवा, कुत्रा मागे लागला की कांगारू शेततळ्यात उतरतो आणि तिथे कुत्र्याला पाण्यात दाबून धरतो, असं तिथल्या शेतांवर होतं.

बघायचं कसं तर एक जागा धरायची. मागचा व्हरांडा असेल ना, तिथे रोज उजाडताना आणि दिवस मावळताना त्याच खुर्चीवर बसायचं, भडक कपडे टाळून, हालचाल कमी. चार-आठ दिवसांत तुम्ही त्यांच्या सवयीच्या होता आणि मग ते तुमच्याकडे लक्ष न देता चरत राहतात, आणि खरं बघणं तिथून सुरू होतं. तुम्ही जाताय तो तिथला वसंत ऋतू आहे, आणि पिशवीतून पिल्लू डोकं बाहेर काढून आईबरोबर गवत खातंय हे बघायला तो काळ फार चांगला. जन्मतं तेव्हा हे पिल्लू जेमतेम दोन सेंटीमीटर असतं, वजन एक ग्रॅमहून कमी, डोळे मिटलेले, आणि तरी ते स्वतःच्या पुढच्या पायांनी आईच्या केसांतून चढत पिशवीत पोचतं आणि मग जवळपास अकरा महिने तिथेच वाढतं. अनेकदा आईच्या पायाशी एक मोठं पिल्लू आणि पिशवीत एक चिमुकलं असं दोन्ही असतं, आणि दोघांना वेगवेगळ्या आचळातून वेगवेगळ्या प्रतीचं दूध मिळतं! मला तरी निसर्गातलं याहून मोठं आश्चर्य चटकन आठवत नाही.

सकाळी सकाळी कोणीतरी झाडावर खदाखदा हसल्यासारखा आवाज येईल, दचकू नका, तो कुकाबुरा. आपल्या खंड्याच्या कुटुंबातला, पण पाण्यावर अवलंबून नाही, सरडे, किडे, छोटे साप पकडतो आणि फांदीवर आपटून मारतो. अख्खं कुटुंब एकत्र ओरडतं, ही आमची हद्द आहे असं शेजारच्या कुटुंबाला सांगायला. त्यालाही खिमा वगैरे घालतात लोक, तुम्ही घालू नका, नुसत्या मांसात कॅल्शियम नसतं आणि पिल्लांची हाडं कच्ची राहतात.

एकिडना दिसला तर नशीब समजा. साळिंदरासारखे काटे, पण साळिंदराशी काही नातं नाही. अंडं घालून वर पिल्लाला दूध पाजणारे जगात फक्त प्लॅटिपस आणि एकिडना. दिवसाही फिरतो, मुंग्या-वाळवी खातो, आणि घाबरला की जिथे आहे तिथेच जमिनीत सरळ खाली रुतून बसतो. अशा वेळी त्याला काठीने उकरायचं नाही, लांब जाऊन बसायचं, वीस-पंचवीस मिनिटांनी नाक वर काढतो.

सप्टेंबरची एक खबरदारी. काळा-पांढरा मॅगपाय, ज्याचं गाणं फार गोड असतं, त्याचे नर घरट्यात अंडी-पिल्लं असताना माणसाच्या डोक्यावर झेप घेतात. सगळे नाही, फार थोडे, आणि तेही साधारण दीड महिना. त्या झाडाखालचा रस्ता तेवढा काळ सोडून द्या, टोपी-गॉगल घाला, आणि चुकूनही दगड-काठी उगारू नका कारण मॅगपाय माणसाचा चेहरा ओळखून लक्षात ठेवतो. आणि तुम्ही शांत राहिलात तर तेही लक्षात ठेवतो, हे तितकंच खरं.

पाणी मात्र जरूर ठेवा. डिसेंबरनंतर तिथे पारा चाळीसच्या वर जातो. उथळ पसरट भांडं, सावलीत, मांजर पोचणार नाही असं, आणि आत एक दगड किंवा तिरकी काठी, म्हणजे मधमाशी, छोटा सरडा बुडणार नाही. रोज पाणी बदलायचं, भांडं घासायचं.

प्रश्न: नातू चार वर्षांचा, घर शेतात. ऑस्ट्रेलियातले साप जगात सर्वात विषारी म्हणतात, त्यामुळे झोप लागत नाही. साप चावला तर पट्टी बांधायची की नाही? इथे सर्पमित्र सांगतात आवळून बांधू नका, मुलगा म्हणतो तिथे बांधायलाच शिकवतात. — सिन्नरहून एक निवृत्त शिक्षक

सर, दोघंही बरोबर आहेत, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

तिथले जमिनीवरचे विषारी साप, म्हणजे ईस्टर्न ब्राउन, टायगर स्नेक, लाल पोटाचा काळा साप वगैरे, सगळे आपल्या नाग-मण्यारच्या कुळातले. घोणस-फुरशाच्या कुळातला एकही साप ऑस्ट्रेलियात नाही. तिथलं विष मुख्यतः लसिकावाहिन्यांतून (म्हणजे रक्ताऐवजी लसिका नावाचा पातळ द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांतून) शरीरात पसरतं, म्हणून १९७० च्या दशकाच्या शेवटी स्ट्रुआन सदरलँड या डॉक्टरांनी तिथे एक पद्धत बसवली: रुंद इलॅस्टिक बँडेज आधी चाव्यावर, मग बोटांपासून वर सगळ्या हाताला किंवा पायाला, मुरगळलेल्या पायाला बांधतो तितपत घट्ट, रक्त थांबेल असं नाही, वर फळी बांधून तो अवयव हलू द्यायचा नाही, माणसाला एक पाऊलही चालवायचं नाही, आणि तीन वेळा शून्य दाबून अँब्युलन्स. जखम धुवायची नाही, कारण त्वचेवरच्या विषावरून हॉस्पिटलात सापाची जात तपासता येते. ब्राउन स्नेकचा चावा अनेकदा दुखतही नाही, खूण बारीकशी असते, म्हणून नुसती शंका आली तरी चावा झालाय असंच धरून चालायचं.

आपल्याकडे घोणस आणि फुरसं आहेत. त्यांचं विष चावल्या जागीच मांस सडवतं, तिथे घट्ट बांधलं तर ते विष तिथेच कोंडून हात-पाय जाण्याची भीती वाढते. म्हणून इथे धीर द्या, हलवू नका, आवळू नका, चिरू नका, १०८ लावा आणि सरकारी दवाखान्यात पोचा. म्हणजे तिथलं बँडेज सिन्नरला आणायचं नाही.

आता झोपेचं. ऑस्ट्रेलियात सर्पदंशाने वर्षाला सरासरी दोन-तीन माणसं जातात. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८,००० गेली. साप तिथलेही जहाल आहेत, पण पायात बूट, हातात बँडेज आणि वेळेत अँटिव्हेनम (विषावरचं इंजेक्शन) यामुळे माणूस वाचतो. तेव्हा सुनेला सांगा घराभोवतीचं गवत कापलेलं ठेव, पत्रे-लाकडं रचून ठेवू नको, कोंबड्यांचं खाद्य सांडू देऊ नको, कारण दाण्यामागे उंदीर आणि उंदरामागे साप, हे सिन्नर काय आणि बेंडिगो काय सारखंच. साप मारायला जायचं नाही, कायद्याने संरक्षण आहेच, पण पकडता-मारतानाच चावण्याचा धोका सर्वात जास्त.

नातवाला एक मात्र शिकवा. जाडजूड, आखूड पायांचा, निळी जीभ काढून फुसफुस करणारा प्राणी दिसेल, तो ब्लू-टंग सरडा. विषारी नाही, बागेतल्या गोगलगायी खातो. गवतात पाय दिसत नाहीत म्हणून साप समजून मारला जातो बिचारा. ज्या बागेत तो आहे तिथे गोगलगायींचं विष टाकू नका, विष खाल्लेली गोगलगाय खाऊन तोही मरतो.

प्रश्न: मी कॉलेजला आहे. मावशी सांगत होती की ऑस्ट्रेलियात आपल्या साळुंकीला लोक उपद्रवी म्हणतात, पिंजरे लावून पकडतात. वाईट वाटलं. खरं आहे का? — सिडकोतून एक वाचक

खरं आहे, आणि वाईट वाटणंही स्वाभाविक आहे. साळुंकी स्वतःहून तिथे गेली नाही. १८६० च्या दशकात मेलबर्नमध्ये बागा-शेतांतल्या किड्यांवर उपाय म्हणून माणसांनी ती नेऊन सोडली, नंतर उत्तरेला उसाच्या पट्ट्यातही नेली. किडे काही आटोक्यात आले नाहीत, साळुंकी मात्र पसरली. आता प्रश्न ढोलीचा आहे. तिथले पोपट, छोटे पॉसम (झाडांवर राहणारे पिशवीवाले प्राणी) ढोलीत राहतात आणि निलगिरीच्या झाडाला चांगली ढोली पडायला शंभर वर्षं तरी लागतात. जुनी झाडं तोडली गेली, उरलेल्या ढोल्यांवर साळुंकी जोडीने हक्क सांगते, दुसऱ्याची अंडी-पिल्लं बाहेर टाकते. इथे तिच्याबरोबर हजारो वर्षं राहिलेले पक्षी तिला तोंड द्यायला शिकलेत, तिथल्यांना तेवढा वेळच मिळाला नाही. जगातल्या सर्वात त्रासदायक शंभर परक्या जीवांच्या यादीत तीनच पक्षी आहेत आणि त्यातले दोन, साळुंकी आणि लालबुड्या बुलबुल, आपल्या अंगणातले.

तरी तुझ्या मावशीला एक सांग, तिथे नॉइझी मायनर म्हणून करड्या अंगाचा, पिवळ्या चोचीचा एक अस्सल ऑस्ट्रेलियन पक्षी आहे, लांबून साळुंकीच वाटतो. साळुंकी तपकिरी, डोकं काळं, उडताना पंखात पांढरा पट्टा. मायनर करडा, माथा आणि गाल काळे. मायनरला कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे नीट ओळखल्याशिवाय कोणी हाकलायला जाऊ नये.

प्रश्न: मुलाचं घर बेंडिगोच्याच भागात आहे, रात्री छपरावर कोणीतरी धावतं आणि घोरल्यासारखं, खेकसल्यासारखं ओरडतं. चोर असेल का? — पंचवटीतून

नाही काकू, ब्रशटेल पॉसम आहे. मांजराएवढा, झुपकेदार शेपटी, रात्री बाहेर पडून पानं-फुलं-फळं खातो. आवाज भयंकर असला तरी माणसाच्या वाटेला जात नाही. बघायचा असेल तर टॉर्चवर लाल जिलेटिन लावा, पांढऱ्या झोताने त्याचे डोळे दिपतात. माळ्यात शिरत असेल तर तो बाहेर गेल्यावर रात्री भोक बुजवायचं, पण आधी आत पिल्लू नाही ना बघायचं, आणि बाहेर झाडावर लाकडी खोका टांगून द्यायचा म्हणजे जागा बदलून तिथे राहतो. पकडून लांब सोडायला कायद्याने बंदी आहे, आणि परक्या हद्दीत तो फारसा जगतही नाही.

प्रश्न: द्राक्ष बागायतदार आहे, ऑस्ट्रेलियातल्या बरोसा या द्राक्षांच्या भागात अभ्यास दौऱ्याला जायचंय. तिथे पक्षी द्राक्ष खातात का, आणि जाळीचं काय करतात? — निफाडहून

खातात भाऊ, आणि तुमच्याच ओळखीचा एक आहे. आपल्याकडचा चष्मेवाला, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला चिमुकला पक्षी, त्याचाच चुलतभाऊ सिल्व्हरआय तिथे पिकल्या मण्यांना टोचे मारतो. एका टोच्याने मणी फुटला की बुरशी आणि मग अख्खा घड. त्यामुळे रांगेवर रांग जाळीने झाकतात. पण मोठ्या भोकाच्या सैल जाळीत रात्री वटवाघळं अडकतात, साप-सरडेही. व्हिक्टोरिया राज्यात १ सप्टेंबर २०२१ पासून घरच्या फळझाडांसाठी नियम आहे, जाळी पूर्ण ताणली तरी भोक पाच बाय पाच मिलिमीटरपेक्षा मोठं नको. बोट आत गेलं तर जाळी चुकीची, असं साधं मोजमाप तिथे सांगतात. जाळी ताणून बांधलेली आणि पांढरी, म्हणजे रात्रीही दिसते. हे निफाडलाही उद्यापासून करता येईल, आणि मला वाटतं करावं, कारण सैल जाळीत लटकलेलं घुबड किंवा बुलबुल सोडवणं फार अवघड जातं.

तिथे वटवाघूळ अडकलेलं दिसलं तर हात लावू नका. रेबीजच्या जातकुळीचा एक विषाणू त्यांच्यात असतो. लस घेतलेले स्वयंसेवक असतात, त्यांना बोलवा. आणि जाताना बागेतले बूट नेत असाल तर घासून धुवून न्या आणि विमानतळावरच्या फॉर्मवर लिहा, मातीच्या बाबतीत तिथे फार कडक असतात.

प्रश्न: मी सातवीत आहे. माझ्याकडे दोन हिरवे लव्हबर्ड आहेत. बाबा म्हणतात ते ऑस्ट्रेलियाचे. त्यांना गंगापूर धरणाजवळ सोडून देऊ का? — एक विद्यार्थी

तू सांगतोस त्यावरून ते बजेरीगर असणार आणि बाबांचं बरोबर आहे. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या प्रदेशात त्यांचे हजारोंचे थवे पाण्याच्या शोधात उडतात, आणि रानातले सगळे हिरवे-पिवळेच असतात, निळे-पांढरे माणसांनी पैदास करून आणले. सोडू नकोस. पिंजऱ्यात जन्मलेले पक्षी धरणावर दोन दिवसही काढणार नाहीत, शिकरा नाहीतर कावळा उचलेल. मोठा पिंजरा दे, रोज थोडं उडू दे, आणि पुढे नवीन विकत आणू नकोस.

सगळ्यांनाच लागेल म्हणून एवढं. पक्ष्याचं नाव कळत नसेल तर मर्लिन हे फुकटचं ॲप ओळखायला मदत करतं. बेडकांसाठी ऑस्ट्रेलियन म्युझियमचं फ्रॉगआयडी आहे, मोबाईलवर डराव रेकॉर्ड करून पाठवायचं, तिथले तज्ज्ञ ऐकून जात सांगतात आणि तुमची नोंद खऱ्या अभ्यासात जाते. ऑक्टोबरात तिथे देशभर अंगणातले पक्षी मोजतात, वीस मिनिटं एका जागी बसून दिसेल तो पक्षी लिहायचा. गंगापूर रोडच्या काकू, तुम्ही तेव्हा तिथेच असाल, नाव नोंदवा, आणि यादी आमच्याकडेही पाठवा, पुढच्या अंकात छापू.