ॲक्सोलॉटल या पाण्यातच राहणाऱ्या उभयचर प्राण्याचे कल्ले आखूड आणि फिके होत चाललेत, काय करू?

आधी पाणी तपासा, औषध नंतर. कल्ले झडण्यामागे अनेकदा अमोनिया, म्हणजे विष्ठा आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात साठणारं विष, असतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य हवेत, नायट्रेट २० पीपीएमच्या (दहा लाख भागांत २० भाग) आसपास किंवा खाली. हे मोजायचं टेस्ट किट नसेल तर आजच आणा. पाणी स्वच्छ दिसतं म्हणजे चांगलं असतं असं नाही.

दुसरं तापमान. हा प्राणी मेक्सिकोतल्या सोचिमिल्कोच्या गार पाण्यातला. त्याला १६ ते १८ अंश मानवतात. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि बुरशीही लवकर धरते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंख्याने भागत नाही, चिलर, म्हणजे टाकीचं पाणी गार करणारं यंत्र, लागतोच. तो खर्च झेपणार नसेल तर हा प्राणी पाळू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

कल्ले सतत पुढे वळलेले दिसले तर फिल्टरचा झोत जोराचा आहे किंवा पाणी बिघडलंय. मंद झोताचा स्पंज फिल्टर लावा. टाकीत मासे असतील तर काढा, ते कल्ले कुरतडतात. पाणी बदलताना नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आठवणीने घालवा.

कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर मात्र पशुवैद्याला दाखवा. पाणी सुधारलं की कल्ले पुन्हा वाढतात. काही आठवडे धीर धरा.